आर्विडने हलका केलेला चाप

आर्विड ट्वेट शिकारीच्या रायफली बांधायचा. अक्रोडाचे दस्ते स्वतः कोरायचा आणि चाप इतका हलका करून द्यायचा की मोंटानाच्या त्या खोऱ्यातले शिकारी म्हणत, "आर्विडच्या बंदुकीतून नुसतं मनात आणलं तरी गोळी सुटते." या कौतुकावर त्याने आयुष्य काढलं.

२००९च्या ऑक्टोबरात थिया स्ट्राउड त्याच्या दुकानात आली, तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. तिने काखेतली घोंगडी उलगडायच्या आतच त्याने बंदूक ओळखली. थियाच्या बापासाठी, मर्लसाठी, त्यानेच ती बांधली होती. एकोणीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, शिकारीहून परतलेला मर्ल घराच्या पायरीवर बंदूक रिकामी करत असताना ती उडाली आणि तो जागच्या जागी गेला. थिया तेव्हा नऊ वर्षांची होती.

"आई देत नव्हती," थिया म्हणाली. "पण मला यंदा एल्क हरणाच्या शिकारीला जायचंय, आणि जायचं तर बाबांचीच बंदूक घेऊन. तीन गोळ्या नीट लागतात, चौथीपासून उजवीकडे सरकतात. नळी बदलून टाका. नवी दुर्बीणही बसवा."

"नळीला काय धाड भरलीय? आधी बघू तरी दे."

त्याने खिशातली एक डॉलरची नोट काढून नळी आणि दस्त्याच्या फटीतून सरकवली. वीतभर गेली आणि अडकली. "हे बघ. लाकूड फुगलंय. नळी तापली की दस्ता तिला ढकलतो. उगाच नव्या नळीचे पैसे घालवत होतीस."

चार दिवसांत त्याने दस्ता आतून तासला, लाकूड पाणी पिणार नाही असं केलं, दुर्बीण बसवली. मग मैदानावर जाऊन पाच गोळ्या झाडल्या. पाचही अंगठ्याएवढ्या जागेत बसल्या. थंडीत दुर्बीण धुरकटते का, एवढंच बघायचं राहिलं होतं. म्हणून त्याने बंदूक हरणाचं मांस ठेवायच्या लांब फ्रीझरमध्ये ठेवली.

सकाळी बाहेर काढली. आत काडतूस नाही हे पाहिलं, नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता बोल्ट लावला, सुरक्षेचा खटका लावला आणि दुर्बिणीला डोळा लावला. काच स्वच्छ होती. जाड हातमोज्यातलं बोट सवयीने चापाला जरासं लागलं असेल. मग त्याने बंदूक खाली घेतली. या बंदुकीचा खटका काढल्याशिवाय बोल्ट उघडत नसे, म्हणून बोट पार बाजूला ठेवून त्याने खटका काढला.

टक्.

आतली पिन सुटली होती. काडतूस असतं तर गोळी गेली असती.

त्याने पुन्हा केलं. बंदूक ऊबदार होत गेली की पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवायची, पुन्हा काढायची. बारा वेळांत सात वेळा टक्. शेवटी चाप उघडला. आत त्याचंच, त्याने भरलेलं तेल मधासारखं घट्ट झालं होतं, आणि त्यानेच दोन वेढे कापून कमजोर केलेली स्प्रिंग. थंडीत चापाला नुसता धक्का लागला तरी तो जागेवर परत येत नव्हता. सगळा भार खटक्यावर. खटका काढला की खलास.

मर्ल गेला त्या वेळी शेरीफने बंदूक त्याच्याकडेच तपासायला दिली होती. आर्विडने ती शेगडीजवळच्या टेबलावर तपासली आणि लिहून दिलं, "दोष नाही." बोट लागलं असणार, असं तोंडाने सांगितलं. त्याच उन्हाळ्यात मर्लचा धाकटा भाऊ नदीत बुडाला होता आणि मर्ल कुणाशी धड बोलत नव्हता. तेव्हा त्याने मुद्दामच केलं असणार, असं गावाने आपलं आपण जुळवलं.

स्प्रिंग बदलायला आणि तेल धुवायला अर्धा तास पुरला. कुणाला कळायचं कारण नव्हतं. बंदूक दोन दिवस कोपऱ्यात तयार उभी राहिली. त्या दोन दिवसांत दाराची कडी वाजली की आर्विडचे खांदे आखडत. शेगडीचा पत्रा थंड होताना तडकला, तर हातातली कानस खाली पडली. दुकानात आपल्यामागे कुणी तरी बर्फातले बूट घालून उभं आहे, असं वाटून तो वळून वळून बघायचा.

तिसऱ्या दिवशी तो स्ट्राउडांच्या घरी गेला. मर्लची बायको लोइस स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. आर्विडने टोपी हातात घेतली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

लोइसची सुरी थांबली. "म्हणजे तो चापाला शिवलाच नव्हता?"

"बंदूक रिकामी करत होता, लोइस. खटका काढला असणार. तेवढंच."

"नक्की?"

"मी बारा वेळा करून पाहिलं."

तिने अर्धं सोललेलं सफरचंद खाली ठेवलं. "एकोणीस वर्षं मी त्याच्या थडग्यावर गेले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, आम्हांला टाकून जायची एवढी घाई होती ना, मग राहा तिथं एकटा." मग तिने मान वर केली. "आणि तू दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायचास."

"हो."

"ऊठ आता. म्हणजे... जा. उभाच आहेस."

दारात उभी राहून सगळं ऐकलेली थिया त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. "मी तुम्हांला माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली.

"नाही समजत, पोरी."

त्याने शेरीफच्या कचेरीत नवा कागद सही करून दिला. नवीन शेरीफने तो वाचला आणि फायलीत ठेवला. मग आर्विड त्याने बांधलेल्या प्रत्येक बंदुकीमागे घरोघर फिरला. कुणी हसले, कुणी म्हणाले, "इतकी वर्षं नीट चाललीय, कशाला हात लावतोस?" तरी त्याने प्रत्येक चाप बदलला. जिथे देईनात तिथे ओसरीवर बसून राहिला, देईपर्यंत.

एक मात्र सापडली नाही. मालक मरण पावला होता आणि त्याच्या मुलाने ती बंदूक अलास्काला निघालेल्या कुणा वाटसरूला विकली होती. नाव विचारलं नव्हतं. आर्विडने तिकडच्या वर्तमानपत्रांत चार वर्षं जाहिरात दिली. उत्तर आलं नाही. थंडी पडली की तो अलास्काची वर्तमानपत्रं टपालाने मागवायचा आणि शिकारीतल्या अपघातांच्या बातम्या बोटाने एकेक ओळ धरून वाचायचा.