ब्रेक गाडीने लावला

त्या दिवशी ब्रेक चालकाने लावला नव्हता. तो गाडीने आपण होऊन लावला, आणि त्याला कारण मी होतो.

निवृत्तीनंतर पुण्यात मेट्रोच्या चाचण्यांसाठी एका कंत्राटदाराने मला रेडिओच्या कामावर घेतलं होतं. धावती गाडी आणि रुळांकडेचे अँटेना सतत एकमेकांशी बोलत असतात. ते बोलणं काही क्षण तुटलं तरी गाडी स्वतःच ब्रेक लावते. पाहुण्यांच्या पाहणीच्या आदल्या दिवशी स्टेशनाच्या टोकाला स्वागताची कमान बांधत होते. अँटेनाचा खांब फोटोत मध्ये येतोय, म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, साहेब." मी खांब सरकवू दिला. त्यानंतर स्टेशनापुढच्या वळणावर, जिथे हाच अँटेना गाडीशी बोलायचा, पुन्हा चाचणी घ्यायला हवी होती. घेतली नाही.

पाहणीची गाडी वळणावर हिसका देऊन थांबली. उभे असलेले एक अधिकारी दांड्यावर आपटले, कपाळ फुटलं.

संध्याकाळच्या बैठकीत चालक दाराशी उभा होता. त्याला कुणी बसा म्हणालं नाही.

"पाहुणे तुलाच बघायला आलेत असं वाटलं की काय, म्हणून ब्रेक दाबलास?" कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"मी हात लावला नाही, सर. पडद्यावर संपर्क तुटल्याचं आलं, तेवढ्यात ब्रेक लागला." बोलताना तो माझ्याकडे बघत होता.

"रेडिओ ठीक होता?" बैठक घेणाऱ्या साहेबांनी मला विचारलं.

रेडिओतलं कळणारा त्या खोलीत मी एकटाच. खांब तर दुपारीच, कमान उतरताच, गुपचूप जागेवर आणवला होता. हातातली पाण्याची बाटली मला खाली ठेववेना.

"ठीक होता," मी म्हणालो.

त्याला गाडीवरून काढून डेपोत डबे धुण्यावर टाकलं. मी मात्र धास्तीने त्या वळणावर दुसरा अँटेना बसवून घेतला. एकाची वाट अडली तरी गाडी दुसऱ्याशी बोलू शकेल असा. पुन्हा तिथे संपर्क तुटला नाही. त्याबद्दल मला शाल-श्रीफळ मिळालं.

गेल्या महिन्यात वाघोलीला त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"हे मला कशाला सांगताय, काका? मला ठाऊकच होतं. अजून मला गाडीवर घेत नाहीत. तिथे सांगा."

"लिहून देतो. छापायलाही देतो."

"मग पहिलं वाक्य ब्रेकचं घाला. तुम्हाला किती वाईट वाटलं ते मागून."

त्याच्यासमोर बसूनच मी ते वाक्य लिहिलं. त्याने दोनदा वाचलं.

"आता सांगा," तो म्हणाला, "त्या बैठकीत कोण कोण होतं? आधी त्यांना पाठवू."