नडगीवरचं कवच

"टिबिया गेलंय," एक्स-रे उजेडासमोर धरत डॉक्टर म्हणाले. टिबिया म्हणजे नडगीचं हाड. काळ्या फिल्मवर ते चांदण्यासारखं पांढरं दिसत होतं आणि त्यातून एक बारीक तिरकी रेघ गेली होती. मला ती चक्क सुंदर वाटली. इंजेक्शनचा अंमल असावा.

मी चाळिशी ओलांडलेली. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे कोलकात्यात गार्डन रीचला आले आणि इथल्या बायकांनी मला फुटबॉलमध्ये ओढलं. त्या सकाळी एकाच चेंडूवर मी आणि त्यांच्यातली शंपा धावलो. तिचा बूट माझ्या नडगीवर बसला. काटकी मोडल्यासारखा आवाज आला, जणू दुसऱ्याच कुणाच्या पायातून.

"शिनगार्ड नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं.

होतं, नडगीवर बांधायचं ते कवच. तळहाताएवढं, मऊ, मोज्यात सरकून पोटरीकडे गेलेलं.

"नडगीवर पुढून मांस नसतं, कातडीखाली थेट हाड. चांगलं गार्ड असतं तर मोडलंच नसतं, असं नाही म्हणणार मी. पण मार थोडा तरी वाटला गेला असता."

फ्रॅक्चर अनडिस्प्लेस्ड होतं, म्हणजे हाड तडकलं तरी जागचं हललं नव्हतं. शस्त्रक्रिया टळली. मांडीपासून प्लास्टर चढलं.

पुढचे आठवडे खिडकीशी गेले. दुपारी नदीवरून जहाजाचा भोंगा यायचा आणि अर्धवट झोपेत वाटायचं, पलंगच धक्क्यावरून सुटून हळूहळू निघालाय. स्वप्नात पाय मला मागे टाकून ओल्या गवतावर एकटाच धावायचा. जाग यायची ती प्लास्टरच्या आतल्या खाजेनं. तुमच्यावर ही वेळ आली तर आत पट्टी किंवा सुई घालू नका. जखम झाली तर कळतही नाही.

शंपा भेटायला आली. पायाकडे न बघता म्हणाली, "दीदी, मैंने खेलना छोड़ दिया."

हाडापेक्षा ते जास्त दुखलं. एवढंच म्हटलं, प्लास्टर निघालं की माझ्याबरोबर दुकानात चल.

प्लास्टरमधून निघालेला पाय बारीक, कोरडा, अनोळखी होता. फिजिओथेरपीत, म्हणजे व्यायामाच्या उपचारात, त्याची पुन्हा ओळख करून घेतली. मग आम्ही बालीगंजच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. शंपानं खाली बसून टेपनं माझी नडगी मोजली, पाऊल वाकतं तिथपासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत. बाहेरून टणक, आतून फोमचं गार्ड निवडलं. ते बांधून मी दुकानातच चालले, वाकले, गुडघ्यावर बसले. तुम्हीही तसंच करा. सरकलं तर घेऊ नका. आधी गार्ड, त्यावर मोजा, मग बूट. पट्टा घट्ट, पण बोटांना मुंग्या येतील इतका नाही.

"तुझंही घे," मी म्हटलं. तिनं घेतलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्यांदा मैदानात उतरले, तेव्हा धुकं होतं. शंपा माझ्यापासून लांबच पळत होती. शेवटी मी चेंडू पायाशी धरून उभीच राहिले. "आ ना!"

ती आली. टक्! नडगीवरच.

"लेगेछे?" तिचा चेहरा उतरला. लागलं का, एवढंच. बंगालीतही किती जवळचं.

मी पायावर भार टाकून पाहिला. पाय माझाच होता.

"नाही लागलं!" मी मराठीतच ओरडले. तिला ते कळलं असावं, कारण तोवर ती माझा चेंडू घेऊन धुक्यात पळालीही होती.