भोपळेशेठ

सलूनच्या दोन्ही भिंतींना आरसे होते, त्यामुळे न्हाव्याला दिवसभर स्वतःचंच तोंड बघावं लागे, आणि हल्ली त्याला त्या तोंडाची शिसारी यायची. मूत्रपिंडं बिघडली होती. लघवीला फेस, पायांना सूज. त्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी गाल असे टरारून फुगले की गिऱ्हाइकं म्हणत, "काय भोपळेशेठ, बरं चाललंय वाटतं!"

हात मात्र अजून लोण्यासारखा फिरायचा. त्या उजव्या हातावरच घर चालत होतं.

मेहुणा दर रविवारी फुकट दाढी करून घ्यायचा आणि वर अक्कल पाजळायचा. "दाजी, फेका त्या गोळ्या. माझा काढा घ्या, चेहरा पूर्वीसारखा होतो की नाही बघा."

काढा गटारासारखा हिरवा होता. न्हाव्याने नाक दाबून तो घशाखाली ढकलला आणि बायकोला न सांगता गोळ्या मोरीत ओतल्या.

पुढे डोकं ठणकायला लागलं, रोज सकाळी उलटी. बायको म्हणाली, "दवाखान्यात चला." मेहुणा म्हणाला, "पित्त आहे, काढा दुप्पट घ्या." चेहऱ्यापायी न्हाव्याने मेहुण्याचं ऐकलं.

एका रविवारी त्याने मेहुण्याच्या गळ्याशी वस्तरा नेला, तर दोन गळे दिसले. खरा कुठला ते कळेना.

"ऊठ! आधी ऊठ तू!" तो ओरडला. मेहुणा फेसासकट पळाला. वस्तरा फरशीवर पडला, पाठोपाठ न्हावीही.

"लघवीवाटे प्रथिनं गेली की रक्त दाट होतं," डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या शिरेत गुठळी झालीय. गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडल्या?"

बायकोने भावाकडे पाहिलं. तो छत न्याहाळत होता.

रक्त पातळ करायची औषधं लागू पडली, जीव वाचला. काही महिन्यांनी सूजही ओसरली. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा, मेल्या पालीसारखा. न्हाव्याला त्याचा स्पर्शही नको व्हायचा.

बायकोने त्याला दुकानात नेऊन खुर्चीत बसवलं. मागून मेहुणा आला, आरशात डोकावला आणि खूश झाला. "बघा दाजी! चेहरा अगदी पूर्वीसारखा! काढ्याचा गुण उशिरा येतो."

न्हाव्याने आरशात पाहिलं. खरंच, तेच देखणं तोंड होतं. तो त्या तोंडावर पचकन थुंकला.

मेहुणा निघून गेला. थुंकी आरशावरून ओघळत राहिली. पुसायला म्हणून न्हाव्याने उजवा हात उचलायला घेतला, पण तो हललाच नाही.