अटीवर बोललेला मलिदा

हेस्टिंग्जला जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसलो तेव्हा देव माझ्या बाजूचा आहे हा विश्वास पार आटला होता. मुंबई सोडून तिथे येऊन राहिलेला धाकटा भाऊ बन्या तिथल्या हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होता. अकरा वर्षे मी त्याच्याशी बोललो नव्हतो. मुंबईत आई गेली तेव्हा मी लंडनहून निघालो होतो, तरी माझी वाट न पाहता त्याने तिचे दफन उरकले. आम्हा बेने इस्राएल ज्यूंत दफनाला उशीर करत नाहीत, हे मलाही ठाऊक होते. पण ईलिंगच्या बाजारातल्या कापडाच्या ठेल्यापासून स्वतःच्या दुकानापर्यंत मी प्रत्येक गोष्टीसाठी भांडतच आलो. 'बन्याने आधी माफी मागितली, तर तुझ्या नावाने मलिदा करीन,' असे आमच्या एलियाहू हनाबी या प्रेषिताला बोललो होतो. नवसातही माझी घासाघीस.

भावजय फोनवर म्हणाली होती, "भाऊजी, राग उद्या काढा. आज या." वाटेत तिचा मेसेज आला, 'त्यांचं बोलणं बंद झालंय.' मग माफी कोण मागणार? डोके असे फिरले की मी अलीकडेच, बॅटल स्टेशनवर उतरलो.

तिथे जुनी रणभूमी आहे, आणि तिच्यावर पडक्या मठाच्या भिंती. पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून आत गेलो. ओल्या गवतात एक सपाट दगड होता. हरलेला राजा इथे पडला, असे फलकावर लिहिले होते. जिंकलेल्याने प्रायश्चित्त म्हणून मठ बांधला आणि वेदी नेमकी इथेच ठेवली. जिंकलेल्याने कसले प्रायश्चित्त घ्यायचे? मी पुन्हा वाचले. हाताने सवयीने खडा उचलला. आमच्यात तो कबरीवर ठेवतात. आईच्या कबरीवर मी एकदाही ठेवला नव्हता. बन्यावरच्या रागापायी तेव्हा विमानतळावरूनच माघारी फिरलो, पुढे मुंबईला पाऊलच टाकले नव्हते. तिथेच बसून रडलो. 'एलियाहू, माफी राहू दे. मला नुसता पोचव,' एवढेच म्हणालो.

फाटकाबाहेर आलो आणि फोन वाजला. "भाऊजी, श्वास बदललाय." गाडीला पाऊण तास होता. समोर एक बाई जीपमागच्या ट्रेलरचे दार तपासत होती. माझा चेहरा पाहून तिनेच काय झाले विचारले, आणि ऐकून म्हणाली, "बसा. वळणावर मात्र हळू जाईन, मागचे साहेब रागीट आहेत."

मागे पांढरा घोडा होता.

अलिबागजवळच्या खंडाळा गावात एका खडकावर आमचे लोक एलियाहूच्या घोड्याच्या टापांची खूण दाखवतात. मला काही सिद्ध करायचे नाही. तिने हॉस्पिटलच्या दारात सोडले. नाव विचारायचेही राहिले.

बन्याचा हात गार होता. अकरा वर्षे घोकलेले एकही वाक्य आठवेना. "आईला ताटकळत ठेवलं नाहीस, बरं केलंस," मी म्हणालो. त्याने डोळे उघडले नाहीत. ऐकले की नाही, मला कधीच कळणार नाही. वीस मिनिटांत तो गेला.

दुःख अजून तसेच आहे. पण ती वीस मिनिटे कुठल्याही सौद्यात बसणारी नव्हती. ती माझ्या पदरात टाकली गेली. शोकाचा महिना सरल्यावर मी पोहे भिजवले, नारळ खवला, ताटात फळे मांडली. भावजय दारात थबकली.

"मलिदा? भाऊजी, मागितलेलं मिळालं का?"

"नाही," मी म्हणालो, आणि ताट तिच्यापुढे केले.