बेचाळीस किलोमीटर आणि इतिहासाचा तास

खांडबाऱ्याच्या शाळेत मी इतिहास शिकवते. चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि चालता चालता मी पळायला लागले. पळण्यापेक्षा पळण्याविषयी वाचणं मला जास्त जमायचं. वर्षभरात लांब पल्ल्याच्या शर्यतींचा सगळा इतिहास मी वाचून काढला. कोण अनवाणी पळून जिंकला, कोण अर्ध्या वाटेत कोसळला, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात मात्र आठ किलोमीटरच्या पुढे मी गेले नव्हते.

आमचे क्रीडाशिक्षक एकदा म्हणाले, "मॅडम, इतिहासानं पळता येत नाही. पळायला पाय लागतात." मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

त्याच सुमारास माझ्यासोबत पळायला एकजण आली. शाळेत मुलांची खिचडी शिजवणारी ताई. गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरातल्या गावची, घरची थोडी भातशेती, आणि लग्नानंतरची कित्येक वर्षं नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलेली. सकाळी विसरवाडीच्या रस्त्याने मी धापा टाकत चाललेली असायचे आणि ती घरून शाळेकडे चालत यायची. एके दिवशी ती वळली आणि माझ्या बरोबरीने चपलांवरच पळू लागली. बोलत होती, आणि दम लागत नव्हता. दुसऱ्या दिवशीही आली. महिन्याभरात मी तिच्यासाठी बूट आणले. तिचे पाय रुंद, त्यामुळे पुरुषांचे आणावे लागले.

पळताना मी तिला माझ्या वाचनातलं सांगत असे. पहिल्यांदा ती म्हणाली, "मॅडम, मेलेल्या माणसांचं ऐकून आपले पाय हलतात का?"

त्यानंतर काही दिवस मी नुसती पळत राहिले. पण एका सकाळी मी तिला बायकांचं सांगितलं. अगदी आत्ताआत्तापर्यंत, म्हणजे आपण दोघी जन्मलो त्या सुमारापर्यंत, जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळांत बायकांना एवढी लांबची शर्यतच नव्हती. डॉक्टरसुद्धा सांगायचे, बाई एवढी पळाली तर तिची पिशवी खाली येईल. एक बाई झुडपात लपून राहिली आणि शर्यत सुरू झाल्यावर पुरुषांच्या घोळक्यात शिरली. दुसरीला रस्त्यातच धरून बाहेर काढायला अधिकारी धावला.

ती हसली. विसरवाडीची घरं दिसू लागल्यावर तिने विचारलं, "काढली का तिला बाहेर?"

"नाही. पूर्ण केली तिने."

"हं," ती म्हणाली. त्या दिवशी तिने असा वेग धरला की मी मागेच राहिले.

पुढच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावी एका मंडळाने दौड ठेवली. बेचाळीस किलोमीटर. तोवर आम्ही दोघी तीस किलोमीटर पळून आलो होतो. शनिवारी शाळा सुटल्यावर रेल्वेने नाव नोंदवायला गेलो, तर फॉर्मवर लिहिलेलं, महिलांसाठी दहा किलोमीटर.

टेबलामागे बसलेला माणूस सज्जन होता. म्हणाला, "ताई, मन्हा हातमां काही नही. कमिटीनं ठरवेल शे. बेचाळीस किलोमीटरमां काही व्हयनं त जबाबदारी कोनी?"

मी बोलायला लागले. सनावळ्यांपासून सुरुवात केली, प्राचीन ग्रीसपर्यंत पोहोचले. तो मान हलवत मोबाइल पाहू लागला. वर्गात मागच्या बाकांवरचं होतं तसंच झालं. माझा आवाज बारीक होत गेला.

तेव्हा ती पुढे आली. टेबलावर दोन्ही हात टेकवून, सावकाश, तिच्या मराठीत म्हणाली, "साहेब, बाहेरच्या देशातही असंच सांगायचे. बाई एवढी पळाली तर तिची पिशवी खाली येईल. मग बाया पळाल्या. एकजण झुडपात लपून पळाली. कोणाचं काही झालं नाही. आम्ही लपून नाही आलो, तुम्हाला विचारून पळतोय. उसाची मोळी डोक्यावर घेऊन बाई फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा जबाबदारी कोणाची, असं कोणी विचारत नाही."

त्याने मोबाइल खाली ठेवला. मग उठला, बाहेर जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलला. आत आला तेव्हा त्याच्या हातात दोन कोरे फॉर्म होते. बायकांचा वेगळा गट नाही, बक्षीस नाही, स्वतःच्या जबाबदारीवर पळतो असं लिहून द्या, म्हणाला. आम्ही लिहून दिलं. तिने सही करताना जीभ दातांत धरली होती.

दौडीच्या आदल्या दिवशी आम्ही माझ्या माहेरी, धानोऱ्याला राहिलो. दौड रविवारची, तिच्या चर्चच्याच वेळेला असल्याने तिने संध्याकाळीच प्रार्थना उरकली. माझ्या आईने बेचाळीस किलोमीटर ऐकून विचारलं, "मंग तिकडे बस जात नही का?"

पहाटे निघालो. पहिले वीस किलोमीटर कसे गेले कळलं नाही. बत्तिसाव्या किलोमीटरला माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. ऊन चढलं होतं, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कापसाची काटकं. मी वाचलेले सगळे धावपटू आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवला नाही. जे तोंडपाठ होतं, ते सगळं कुठे गेलं कोण जाणे.

"तुम्ही जा," मी तिला म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. ओढणीत बांधून आणलेली नागलीची भाकर आणि गूळ काढला, अर्धी भाकर माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खा. आणि उभ्या राहू नका." मग ती गेली. पुढचे दोन पुरुष तिने वळण यायच्या आत मागे टाकले. मी भाकर चावत, लंगडत, तिच्या पिवळ्या ओढणीचा ठिपका होईपर्यंत बघत होते. मला तेव्हा जो आनंद झाला तो स्वतःबद्दल कधी झाला नव्हता.

उरलेले दहा किलोमीटर मी एकेक खांब मोजत काढले. कधी पळाले, कधी चालले. उभी राहिले नाही.

शेवटच्या वळणावरून मला कमान दिसली, आणि तिचा खांब दोन्ही हातांनी धरून उभी असलेली ती दिसली. मंडपवाले कमान उतरवायला आले होते. "एक बाई अजून येतेय," एवढंच ती म्हणत होती आणि खांब सोडत नव्हती. मंडपवालेही शेवटी बाजूला होऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले होते. मी कमानीखालून गेले तेव्हा त्यांनीच टाळ्या वाजवल्या. टेबलवाला माणूस पदक घेऊन धावत आला. तिच्याकडे बोट दाखवून त्याने माइकवर सांगितलं की या ताईच्या मागे निम्मे पुरुष होते, आणि पुढच्या वर्षी बायकांचा गट राहील. मी रस्त्यातच बसून रडले. ती माझ्या पोटऱ्या रगडत होती आणि हसत होती.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, "त्या गोष्टींचा पळताना काही उपयोग झाला का हो?"

तिने नीट विचार केला. "पळताना नाही. पळताना फक्त पाय होते. पण त्या टेबलापुढं झाला. नाहीतर मी म्हटलं असतं, बरं साहेब, दहा तर दहा."

क्रीडाशिक्षकांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग दोन्ही लागतं."

मंगळवारी तिसऱ्या तासाला मी स्वयंपाकखोलीजवळून चालले होते. आठवीच्या मुली ताटं घ्यायच्या निमित्ताने तिच्याभोवती जमल्या होत्या आणि ती मोठा झारा फिरवत त्यांना झुडपात लपलेल्या बाईची गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीत झुडूप करवंदीचं होतं आणि ती बाई नागलीची भाकर खाऊन निघाली होती. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला ते दुरुस्त करायला हवं होतं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून पूर्ण ऐकलं आणि वर्गात दहा मिनिटं उशिरा पोहोचले.