वस्त्रगाळ हळद

पत्रक एका पानाचं असतं. दोन पानांचं कोणी वाचत नाही, हे मला चळवळीत पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं. म्हणून मी मजकूर कापायचो. त्या वेळीही कापलं.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. वर्तमानपत्रात बातमी होती: आतड्याच्या जुनाट सुजेवर हळदीतल्या द्रव्याचे अतिसूक्ष्म कण करून प्रयोगशाळेत उंदरांवर पाहत आहेत, कारण साधी हळद अंगात फारशी उतरत नाही. मी भडकलो. आमच्या परसातली हळद घेऊन हे उद्या आम्हालाच गोळ्या विकणार! मी लिहिलं, ‘हळद जितकी बारीक, तितका गुण. परक्यांच्या गोळ्या फेका.’ बातमीतले उंदीर कापले. प्रयोगशाळा कापली. खाली नाव घातलं नाही, नुसतं ‘एक जागरूक नागरिक’.

पंधरा दिवसांनी सावली तालुक्यातल्या एका गावात तलावाच्या ठेक्याच्या अर्जासाठी गेलो. तिथल्या एका मासेमाराला मी ओळखत होतो. त्याच्या आतड्यात व्रण होते, शौचातून रक्त जायचं. गोळ्या बंद करायच्या नाहीत, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको लुगड्याच्या तिहेरी पदरातून हळद गाळत होती. सातव्यांदा, म्हणाली. तिची बोटं, उंबरा, कोंबडीची पिसं, सगळं पिवळं. तो खाटेवर होता, गालांची हाडं वर आलेली. घरामागून झुडपांकडे एक नवी पायवाट पडली होती. गवत पार झिजलं होतं.

गोळ्यांचं पाकीट छपरात खोचलेलं होतं, अर्धं भरलेलं. बंद काऊन केल्या, मी विचारलं. त्यानं दाराकडे बोट केलं. माझं पत्रक तिथे भाताच्या पेजेनं चिकटवलेलं होतं.

“जाळं बारीक असलं का लहान मासोळीबी सुटत नाई,” तो मला समजावू लागला. “तसंच हे. बारीक हळद रोगाले सोडत नाई.”

म्हटलं, “ते खोटं आहे. मीच लिहिलंय.”

तो हसला, मग पोट धरून वाकला. “तू? तुले आमच्या तलावाचा अर्ज धड लिहता येत नाई, भाऊ. दोनदा वापस आला. हे तं छापेल हाये.”

किती विनवलं. बायको मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तीच म्हणाली, “खोटं हाये म्हून छापून आण. मंग देतो मी गोळी.”

मी गडचिरोली गाठली. छापखान्याची वीज दोन दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी ओल्या शाईचा गठ्ठा घेऊन परतलो. या वेळी खाली माझं नाव होतं.

घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सकाळी खाटेसकट टेम्पोत टाकून चंद्रपूरला नेलं, रक्त थांबत नव्हतं, शुद्ध नव्हती. मी दारावरचं पत्रक नखांनी खरवडू लागलो. पेज वाळून दगड झाली होती, निघेना.

शेजारीण कडेवरच्या पोरीला सावरत जवळ आली. पोरीला आठ दिवसांपासून हगवण होती. शेजारणीच्या दुसऱ्या हातात हळकुंडं होती.

“तुमाले वाचता येते नं, भाऊ,” ती म्हणाली. “इथी लिवलं हाये का, लहान लेकरासाठी हळद किती डाव गाळाची?”