पाय टेकतात का?

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी उकिडवा बसून बायकोच्या मोटरसायकलच्या खाली वाकून बघत होतो. पहिल्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन उतरल्या आणि थांबल्या.

"काय पडलं का?"

बायको सीटवर, डोक्यावर हेल्मेट. तिनं वरूनच उत्तर दिलं, "काही नाही काकू. माझे पाय टेकतात का ते बघतायत."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, तिच्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "आणि नसले टेकत तर? एवढं हिमालयात जाऊन आल्यावर आता बघताय होय?"

प्रश्न रास्त होता.

माझी बायको माळशिरसकडची. मोटरसायकल ती लग्नाआधीच वडिलांच्या गाडीवर, उसाच्या बांधाकडेनं शिकली. मग वीस-बावीस वर्षं स्कूटीवर सोलापुरातल्या सोलापुरात. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा हिनं डोंगरात चालवायची उंच मोटरसायकल घेतली. गेल्या उन्हाळ्यात बायकांच्या एका तुकडीबरोबर ती हिमाचलातल्या स्पीतीला जाऊन आली. परत आल्यावर दुचाकीवरून भटकणाऱ्या बायकांच्या एका ऑनलाइन गटात लिहू लागली. हेल्मेटवर बसवलेल्या कॅमेऱ्यातले तुकडे टाकायचे, खाली चार ओळी लिहायच्या. "घाबरू नका. गाडी आपोआप जाते, आपण फक्त मधे मधे करायचं नाही," हे तिचं वाक्य तर बायका एकमेकींना पाठवायच्या.

त्यात माझं काम आकड्यांपुरतं. एका खिंडीबद्दल तिनं "वीस हजार फुटांवर" असं लिहिलं होतं. मी ते पंधरा हजार करायला लावलं.

"पाच हजार फुटांनी कुणाचं काय बिघडतं?"

"पाच हजार फूट चढताना माणसाला धाप लागते."

"तुमचं टॉवेलचं खातं घरात आणू नका," ती म्हणाली, पण आकडा बदलला.

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला आहे. लांबी, रुंदी, वजन आणि धुतल्यावर माल किती आटतो, हे बघणं माझं काम. टॉवेल धुण्याआधी एका मापाचा असतो, धुतल्यावर दुसऱ्या. गिऱ्हाईक दुसऱ्या मापाचा टॉवेल वापरतं, पण बोलताना सगळे पहिलं माप बोलतात. ही सवय लागली की सुटत नाही.

तर तो प्रश्न. तो सांगोल्याच्या बाजूच्या एका गावातून आला होता. लिहिणारी तिशी-पस्तिशीची असावी. घरची डाळिंबाची बाग, नवरा पुण्यात नोकरीला, गावात ती आणि सासू. तिला यंदाच्या स्पीतीच्या तुकडीत जागा मिळाली होती. गाडी भाड्यानं तिथंच मिळणार होती, बायकोकडे आहे तसलीच, उंच. यायचं की नाही हे आठ दिवसांत कळवायचं होतं. आणि नवरा म्हणाला होता, आई म्हणेल तसं.

"ताई, एकच विचारते," तिनं लिहिलं होतं. "गाडी थांबली की तुमचे पाय टेकतात का? माझी उंची तुमच्यापेक्षा कमी दिसते. आत्यांनी हेच विचारलंय आणि मला उत्तर देता येईना." सासूला ती आत्या म्हणत होती.

बायकोनं "टेकतात की" असं लिहायला घेतलं आणि मधेच थांबली. "अहो, टेकतात का हो माझे?"

"मला काय माहीत? तू गेली होतीस."

"मला आठवतच नाही."

मला याचं फार नवल वाटलं. बाई हिमालयात जाऊन आली, शेकडो बायकांना सल्ला देते, आणि आपले पाय जमिनीला लागत होते की नाही हे तिला सांगता येत नाही! म्हणून आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो होतो.

मापं घेतली. गाडीच्या कागदावर सीटची उंची साडेएकतीस इंच. बायकोचा पाय आतल्या बाजूनं सत्तावीस. पण कागदावरची उंची रिकाम्या गाडीची असते. माणूस बसला की स्प्रिंग दबते आणि सीट खाली येते, म्हणजे इथंही धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं माप वेगळंच निघालं. बुटाचा तळ इंचभर धरला. तरी ती सरळ बसली की दोन्ही पाय अधांतरी. डावीकडे सरकून बसली तर डाव्या बुटाचं टोक कसंबसं लागायचं आणि उजवा पाय हवेत. गाडी जवळजवळ दोनशे किलोची. ती एका अंगठ्यावर कशी पेलणार? माझ्या हिशेबानं ती प्रत्येक थांब्याला पडायला हवी होती.

"तू पडलीस किती वेळा?"

"सांगितलं की. तीनदा. चिखलात, वाळूत, आणि त्या ओढ्यात."

"थांबताना?"

तिनं विचार केला. "थांबताना नाही. एकदाही नाही." आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं. "व्हय की! का बरं?"

तोवर मी तिचे तुकडे इतरांसारखेच बघत आलो होतो, बर्फ आणि कडे बघत. आता कॉम्प्युटरवर तिनं साठवलेलं मूळ चित्रण उघडलं, न कापलेलं. प्रश्न येऊन तीन दिवस झाले होते, रविवार होता. सकाळचा चहा झाल्यावर बसलो, ते ती जेवायला हाक मारेपर्यंत. मला फक्त थांबे बघायचे होते. रस्ता, रस्ता, वळण, धूळ, आणि मग गाडी हळू होते. दरवेळी तिथं चित्र एकदम डावीकडे झुकायचं, खाली जायचं, क्षणभर जमीन दिसायची आणि पुन्हा सरळ व्हायचं. पुढच्या थांब्याला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. कॅमेरा तिच्या डोक्यावर होता, म्हणजे मान तिचीच वळत होती.

जेवता जेवता मी तिला विचारलं, "थांबायच्या आधी तू डावीकडे खाली काय बघतेस?"

"कुठं काय? मी समोर बघते."

जेवण अर्धवट टाकून तिला बसवलं आणि दाखवलं. तिनं एक थांबा बघितला, दुसरा बघितला. तिसऱ्याला तीच आधी म्हणाली, "थांबा, मागं घ्या. तो बघा, दगड." रस्त्याच्या कडेला वीतभर उंचीचा एक चपटा दगड होता. चित्र तिकडे वळलं, गाडी त्याच्या बाजूला गेली आणि थांबली. पुढच्या ठिकाणी दगड नव्हता, पण रस्त्याची कड उंच होती. एके ठिकाणी पुलाचा कठडा होता. रस्त्याच्या मधोमध, सपाटीवर ती कुठंही थांबलेली नव्हती. पुढं ट्रक अडकला होता तिथंसुद्धा ती वीस-पंचवीस पावलं अलीकडेच, उंचवट्याशी थांबली होती आणि मागून हॉर्न वाजत होते.

"हे तर मी कापून टाकते," ती म्हणाली. "हलतंय म्हणून. बघणाऱ्याला गरगरतं."

म्हणजे गाडी आपोआप जाते हे तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. ती थांबते कशी, तेवढंच नेमकं कापून टाकलं होतं. लपवायचं म्हणून नव्हे. तिला ते माहीतच नव्हतं. शाळेत असताना वडिलांच्या गाडीवरून पाय पुरत नसत, तेव्हा बांध बघून थांबायची सवय लागली असणार, असं ती नंतर म्हणाली. मला मात्र त्या दिवसापासून दुसरीच शंका छळते. आपण लोकांना जे सल्ले देतो, त्यांतले आपण खरोखर करतो ते किती, आणि करतो पण सांगत नाही ते किती?

तिनं सांगोल्याला उत्तर लिहिलं : "पाय टेकत नाहीत. दगड बघून थांबते. मलाही आजच कळलं." सोबत ते हलणारे, कापून टाकायचे तुकडे जसेच्या तसे पाठवले.

दोन दिवसांनी त्या दोघी मंगळवेढ्यावरून मोटरसायकलनं आमच्या दारात. सून पुढं, सासू मागं. सासूच्या मांडीवर डाळिंबाची पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट खोचलेला. बायको खाली धावली. "अगं, एवढ्या लांब सासूला मागं बसवून आलीस, तर स्पीतीचं काय घेऊन बसलीस!"

"मला मागं बसवल्याबिगर ती यायची न्हाय, म्हून आले," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "फोनवर हलतं चित्र धाडलेलं ते तुमीच का? मला उलटी आली की हो बगून."

"हलतंय तेच खरं आहे," मी म्हणालो.

"व्हय, पोरगी बी तेच म्हनली."

चहा झाल्यावर बायकोची उंच गाडी घेऊन गावाबाहेरच्या मुरमाच्या माळावर गेलो. तिथं गाड्यांची ये-जा नाही, खाली दगडगोटे भरपूर. सासूबाईंना लिंबाखाली बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत. सूनबाईंची उंची खरंच कमी होती. बुटाचं टोकही लागेना. पहिल्यांदा थांबताना ती दगड विसरली, सपाटीवर थांबली, आणि गाडी हळूच, अगदी दमानं आडवी झाली. ती बाजूला उडी मारून उभी राहिली. चेहरा उतरलेला.

तिनं सासूकडे बघितलं नाही. मला आठवलं, कळवायचे दिवस तीनच उरले होते.

बायकोनं तिला गाडी उचलायची रीत दाखवली. गाडीकडे पाठ करायची, सीट ढुंगणाला लावायची, दोन्ही हात खाली आणि उलटं चालत जायचं. दुसऱ्या प्रयत्नात गाडी उभी राहिली. मग आम्ही मागं सामान बांधून पुन्हा आडवी केली. तशी ती उचलेना. तीनदा बघितलं. मी म्हणालो, "सामानासकट एकटीला उचलणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं."

बायकोनं डोळे वटारले. पण सून म्हणाली, "बरं झालं सांगितलं, दादा. मग तुकडीच्या शेवटी राहायचं नाही. मधे राहायचं." आणि पुन्हा गाडीवर बसली.

आता ती दगड शोधू लागली. सुरुवातीला तोंडानं बोलायची, "तो, तो चपटा," आणि हळू होत तिथं जायची. दोनदा हुकली, मग हुकेनाशी झाली. मी कडेला उभा राहून तिची मान बघत होतो. डावीकडे, खाली, सरळ. बायकोसारखीच. गंमत म्हणजे बायकोच आता नीट थांबेना. कळल्यापासून ती दगडाचा विचार करू लागली होती आणि तिची मान भलत्याच वेळी वळायची.

"तुमच्यामुळं माझं बिघडलं," ती मला म्हणाली.

एवढ्यात सासूबाई पुढं आल्या. "मला बसू द्या की एकडाव."

"आत्या, अहो पडाल!"

"ती उभी हाय न्हवं? स्टँडवर? मग?" त्यांनी लुगड्याचा काष्टा वर ओढला. आम्ही तिघांनी धरून त्यांना चढवलं. पाय लोंबकळत होते, जमिनीपासून चांगले वर. त्यांनी हँडल धरलं आणि समोर माळाकडे बघत बसल्या.

"हितनं लई लांबचं दिसतं की गं," त्या म्हणाल्या. मग माझ्या बायकोला, "तितं वर काय हाय बगायला? देव हाय का?"

"मठ आहेत. बाकी काही नाही, आत्या. दगड आणि वारा. झाडसुद्धा नाही. पाऊस पडत नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. "आमच्याकडं बी त्येच हाय की!"

सून हसायला लागली, पण हसताना डोळे सासूवरच होते.

"इतकं लांब, इतक्या उंच गाडीवरनं, दगुड बगायला?" सासूबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. पुन्हा माळाकडे बघितलं. "बरं. जाऊन बगून येऊ दे तिला. त्यांचा दगुड कसला हाय ते कळंल तरी. उतरवा मला."

जूनच्या शेवटी तिचं पहिलं छायाचित्र गटात आलं. त्याच खिंडीतलं, पंधरा हजार फुटांवरचं. मागं बर्फ, रंगीत पताका, हेल्मेटमधून दिसणारे तिचे दात. खाली बायकांनी बर्फाबद्दल भरभरून लिहिलं होतं. मी चित्र मोठं केलं आणि डावा खालचा कोपरा बघितला. बायको माझ्या खांद्यावरून वाकली.

डावा बूट एका राखाडी दगडावर, पूर्ण तळव्यानिशी.

संध्याकाळी सुनेनं आम्हा दोघांना सासूबाईंचा आवाज पुढं पाठवला. गावाकडून त्यांनी तिला धाडला होता. मागं शेळ्या ओरडत होत्या. "बगितला गं फोटू. आपल्यापरास चपटा हाय दगुड. येताना एकांदा घिऊन ये, पर लई जड नगो."

मला राहवेना. मी सुनेला विचारलं, दगडाची उंची अंदाजे किती होती?

"त्या पोरीला जरा डोंगर बघू द्या," बायको म्हणाली. पण उत्तर आलं तेव्हा तिनंच आधी फोन उचलला आणि वाचून दाखवलं.

"मोजली नाही, दादा. टेकला."